शिडावरची येसू

"पण आबा, तिचं नाव एडिथ आहे. पाटीवर स्वच्छ लिहिलेलं आहे. तुम्ही तिला येसू का म्हणता?"

आबा धुरी बैलगाडीत रिळांच्या पत्र्याच्या डब्यांना टेकून पान जुळवत होते. त्यांनी चुना लावला, बोट पुसलं.

"त्या पाटीवर तिचं माहेर लिहिलंय?"

"नाही."

"सासू आहे की नाही?"

"तेही नाही."

"मग लिहिणाऱ्याला तिची फारशी माहिती दिसत नाही."

पुरुषोत्तम नाबरनं तो विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे. या माणसाशी वाद घालायचा तर कुठून धरायचं, तेच त्याला कळेना.

साल एकोणीसशे सव्वीस. चित्रं तेव्हा मुकी होती. पडद्यावरची माणसं ओठ हलवत, पण आवाज येत नसे. मधेच एक काळी पाटी येई आणि कोण काय म्हणालं ते तीवर पांढऱ्या अक्षरांत उमटे. विलायती चित्र असलं की तो मजकूर इंग्रजी. कोकणातल्या गावांत तो वाचणार कोण? म्हणून फिरत्या बायस्कोपबरोबर एक सांगणारा असे. पडद्याच्या बाजूला पत्र्याचा कर्णा घेऊन तो उभा राही आणि गोष्ट सांगे.

आबा हे असे सांगणारे. तरुणपणी ते दशावतारात होते. तिथं लिहिलेलं काही नसतं, उभं राहायचं आणि सुचेल ते बोलायचं. पुढं वीस वर्षं घाटावर हिंडल्यानं त्यांची मालवणी पातळ झाली होती. आता साठी उलटली होती आणि आवाज फाटायला लागला होता. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं.

त्यांच्या हाताखाली शिकून पुढच्या हंगामात त्यांची जागा घ्यायची, म्हणून बायस्कोपच्या मालकांनी पुरुषोत्तमला पाठवलं होतं. मूळचा सावंतवाडीकडचा, गिरगावात वाढलेला, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला. विलायतेत चित्रं कशी निघतात हे तो मासिकांतून वाचत असे. लंडनचं धुकं स्टुडिओच्या आत शिरतं, समोरचा नट दिसेनासा होतो, मग मंडळी कॅमेरे उचलून समुद्रकाठी जातात... असं त्यानं आबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आबांनी ते मन लावून ऐकलं होतं आणि विचारलं होतं, "धुकं दारानं येतं की छपरानं?"

ते त्याला माहीत नव्हतं.

या फेरीतलं चित्र त्याच समुद्रकाठचं होतं. आबा ते गेले दोन हंगाम सांगत आले होते. इंग्लंडच्या पश्चिम टोकाला एक कोळ्यांचं गाव. एडिथ नावाची बाई. तिचा नवरा होडी घेऊन जातो, वादळ होतं, होडी परतत नाही. पाच रिळं.

पहिल्या मुक्कामाला आबांनी ते सांगितलं तेव्हा पुरुषोत्तम वही घेऊन बसला होता. पाटीवर होतं, 'एडिथ, खाडीतली सर्वांत देखणी मुलगी.' आबा कर्ण्यातून म्हणाले, "ही येसू. अकराव्या वर्षी या घरात आली. सासू बोलायची, पण सासरा जीव लावायचा. बघा, त्यानंच शिकवलं तिला जाळं विणायला." चित्रात सासरा कुठंच नव्हता. एक म्हातारा लांबवर जाळं घेऊन बसला होता, इतकंच.

लोक हसले, हळहळले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुरुषोत्तमच्या वहीत सतरा चुका जमा झाल्या.

त्या त्यानं रात्री जेवताना वाचून दाखवल्या. आबांनी एकही मधे तोडली नाही. वाचून संपल्यावर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. उद्या तुम्ही सांगा."

दुसऱ्या मुक्कामाला त्यानं सांगितलं. प्रत्येक पाटीचं शुद्ध भाषांतर केलं. कॉर्नवॉल म्हणजे काय, लाइफबोट म्हणजे काय, तेही समजावलं. दुसऱ्या रिळाला लोकांत कुजबुज सुरू झाली. तिसऱ्याला एक म्हातारा पडद्याकडं पाठ करून शेजाऱ्याला आपल्या बैलाच्या खुराचं दुखणं सांगू लागला.

खेळ संपल्यावर एक आजीबाई जवळ आल्या आणि मायेनं म्हणाल्या, "कोणाचा पत्र वाचत होतस रे बाबा?"

तो त्या दिवशी जेवला नाही.

"माझं कुठं चुकलं, आबा?"

"कुठंच नाही."

"मग?"

आबांनी अंगावर कांबळं ओढलं. मग त्यांचा श्वास संथ झाला... झोपले होते.

तिसरा मुक्काम खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा गावात होता. सगळी वस्ती गाबितांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची. होड्या संध्याकाळी निघत, म्हणून खेळ भर दुपारी ठेवलेला. सुकी मासळी भरायचं एक लांबलचक कोठार होतं, त्याच्या खिडक्यांवर जुनी शिडं टाकून अंधार केला होता. प्रवासात पडदा फाटला होता. गावचा प्रमुख जिवा तांडेल यानं घरातलं नवंकोरं शीड आणून दिलं. अजून वाऱ्यावर न चढलेलं.

ते टांगून झाल्यावर तांडेलानं विचारलं, "चित्रात दर्या आसा काय?"

"आसा," आबा म्हणाले.

"होडी?"

"आसा."

तांडेल जमिनीवर उकिडवा बसला. त्यानं सांगितलं ते असं. दिवाळी उलटून चार दिवस झाले होते तेव्हा अवचित वादळ उठलं. गावातली एक होडी गेली. तिच्यावर तीन माणसं होती. दोघांचे देह तिसऱ्या दिवशी किनाऱ्याच्या खडकांवर लागले. तिसरा विठू कुबल, त्याचं काहीच हाती आलं नाही. ना देह, ना अंगावरचं कापड. त्याची बायको भागू रोज दुपार कलली की किनाऱ्यावर जाते आणि अंधार पडेपर्यंत उभी राहते. अडतीस दिवस झाले. घरात चूल पेटत नाही. दोन पोरांना शेजारी जेवू घालतात. तिला 'तो गेला' म्हणायची कुणाची छाती नाही, आणि 'येईल' म्हणायचीही नाही.

"मग आम्ही खेळ नको करूया," पुरुषोत्तम पटकन म्हणाला.

तांडेलानं त्याच्याकडं पाहिलं. "दर्या बघल्याशिवाय आमचो दीस जाता खय?" एवढंच बोलून तो उठला.

आबा शिडाकडं बघत होते. बारीक फटीतून वारा येत होता आणि शीड मंद हलत होतं.

"आज तुम्ही सांगा," ते पुरुषोत्तमला म्हणाले. "माझा घसा बसलाय."

घसा खरंच बसला होता. पण पुरुषोत्तमला वाटलं, हे तेवढ्यासाठी नाही. त्यानं वही काढली. खरं तर तो सकाळपासून तयारी करत होता. या वेळी कोरडं भाषांतर नाही, भावना घालून सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तिसऱ्या रिळातल्या पाटीसाठी त्यानं चार वाक्यं लिहून पाठ केली होती. ती त्याला चांगली साधली आहेत असंही वाटत होतं. आता त्या वाक्यांवर त्याचं बोट थांबलं.

"आबा, ती बाई आली तर?"

"येईल."

"मग तिसऱ्या रिळाला काय म्हणू? 'सगळ्या होड्या आल्या, एक सोडून', असं लिहिलंय तिथं. ते तिच्या तोंडावर वाचू? आणि पाचव्या रिळात तो नवरा परत येतो. फ्रान्सच्या जहाजानं उचललेला असतो त्याला. ते सांगितलं तर ती जन्मभर किनाऱ्यावर उभी राहील. नाही सांगितलं तर मी खोटा."

आबांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"खरं आहे," ते म्हणाले, आणि माणसांत जाऊन बसले.

भागू आली. तिशीची असेल. कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या, आणि तिच्याकडं कुणी सरळ बघत नव्हतं. ती पुढच्या रांगेत, पडद्याच्या अगदी जवळ बसली. मागं तिची सासू. आबा त्यांच्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसले होते, गावातलेच कुणी असल्यासारखे.

ऑपरेटर दाऊदनं दिवा लावला आणि मशीनचा दांडा फिरवायला सुरुवात केली.

शिडावर समुद्र उमटला.

कोठारात एकदम शांतता झाली. मुंबईत पुरुषोत्तमनं अनेक चित्रं पाहिली होती, पण अशी शांतता ऐकली नव्हती. ही माणसं चित्र बघत नव्हती, पाणी बघत होती. कुणीतरी मागून हलक्या आवाजात म्हणालं, "खालसून वढ आसा." दुसऱ्यानं हुंकार दिला. सात समुद्रांपलीकडच्या त्या पाण्याला खालून ओढ आहे हे त्यांना बसल्या जागी कळलं होतं. पुरुषोत्तमनं ते चित्र, मुंबईतल्या तयारीपासून धरून, तेरा वेळा पाहिलं होतं. त्याला कळलं नव्हतं.

तरी तो बोलू लागला. आणि चांगला बोलला. पहिलं रीळ गेलं, दुसरं गेलं. लोक ऐकत होते. त्याचा आवाज सुटला, मोकळा झाला. वादळाच्या वेळी तर त्याला स्वतःलाच काटा आला. हेच ते, असं त्याला वाटलं. आबांना जमतं ते आपल्यालाही जमलं.

तिसरं रीळ सुरू झालं.

होड्या परत येऊ लागल्या. एकेक करून, शिडं उतरवलेल्या. किनाऱ्यावर बायका धावत होत्या. प्रत्येकीला आपापला माणूस मिळत होता. एक बाई मात्र तशीच उभी होती. तिचं लक्ष पाण्याकडं होतं.

मग पाटी आली. 'सगळ्या होड्या आल्या. एक सोडून.'

पुरुषोत्तमनं श्वास भरला. पाठ केलेली चार वाक्यं त्याच्या जिभेवर होती.

कर्ण्याच्या तोंडावर एक हात आला.

आबा कधी उठले, कधी आले, त्याला कळलंच नाही. त्यांनी तळवा कर्ण्यावर ठेवला होता, भांड्यावर झाकण ठेवावं तसा. त्याच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. ते शिडाकडं बघत होते.

पाटी गेली.

शिडावर त्या बाईचा चेहरा आला. नुसता चेहरा, कोठाराच्या छपराएवढा. या ठिकाणी आबा एरवी असा काही टाहो फोडत की मागच्या रांगांतले पुरुषसुद्धा नाक पुसत. आज ते गप्प होते. मशीनच्या दांड्याची टकटक तेवढी चालू होती. फटीतून वारा आला, शीड थोडं फुगलं, आणि त्या बाईनं श्वास घेतला.

पुरुषोत्तमनं ते पाहिलं. तिनं श्वास घेतला. कापड हलतं म्हणून तसं दिसतं, हे त्याला ठाऊक होतं... आणि तरी त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

ती रडत नव्हती. ओठ किंचित हलले. काहीतरी म्हणाली ती. काय म्हणाली याची पाटी नव्हती.

भागू उठून उभी राहिली.

कुणी तिला बस म्हटलं नाही. ती शिडाच्या पुढ्यात गेली. मशीनचा उजेड तिच्या पाठीवर पडला, आणि शिडावर त्या मोठ्या चेहऱ्याच्या गालाशी तिची लहानशी सावली उमटली. दोन बायका एकमेकींसमोर उभ्या राहिल्यासारखं दिसत होतं. एक गोरी, एक सावळी. एकीच्या देशाचं नाव दुसरीला ठाऊक नव्हतं.

बराच वेळ भागू तिच्याकडं बघत राहिली.

मग म्हणाली, "घराक जा गो बाय."

आवाज अगदी रोजचा होता. विहिरीवर शेजारणीशी बोलावं तसा.

"वारो सुटलो. कितको येळ अशी उभी रवतलंस?"

वरचा चेहरा बघत होता.

"तो येवचो नाय गो," भागू म्हणाली. "जा. पोरा उपाशी आसतली. मी पण चललंय."

ती वळली. सासूनं उठून तिचा हात धरला. दोघी माणसांमधून वाट काढत निघाल्या, आणि माणसं सरकून वाट देत गेली. दारावरचं शीड बाजूला झालं, क्षणभर दुपारचं ऊन आत आलं, शिडावरची बाई फिकी झाली. पुन्हा अंधार झाला तेव्हा रीळ संपत आलं होतं.

दाऊदनं दांडा थांबवला आणि आबांकडं पाहिलं. आबांनी मान हलवली. त्यानं दिवा मालवला.

दोन रिळं राहिली होती. कुणीच मागितली नाहीत. एकेक माणूस उठला. जाताना शिडाजवळ थांबून जिवा तांडेलानं डोक्याचं मुंडासं काढलं, जरा वेळ उभा राहिला आणि पुन्हा बांधलं. ते कोणासाठी काढलं, हे पुरुषोत्तमला विचारवलं नाही.

त्या संध्याकाळी भागू किनाऱ्यावर दिसली नाही. होड्या बाहेर पडायच्या वेळी तिच्या घराच्या कौलांतून धूर निघत होता. तांडेलाची बायको ते सांगायला मुद्दाम कोठारापर्यंत आली. सांगितलं, डोळे पुसले आणि गेली. पुढं ऐकायला मिळालं ते असं की भागूनं पोरांना जेवू घातलं, सासूला वाढलं, आणि मग त्या दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. अडतीस दिवसांत पहिल्यांदा. गाव बाहेर उभं होतं. कुणी आत गेलं नाही, कुणी घरीही गेलं नाही.

आबा आणि पुरुषोत्तम वाळूवर बसले होते. डबे भरून झाले होते. सूर्य पाण्याला टेकला होता आणि होड्या एकामागून एक त्याच्यावरून जात होत्या.

पुरुषोत्तमनं कर्णा शेजारी वाळूवर ठेवला.

"आबा... ती लंडनची नटी आहे. मी मासिकात वाचलंय. चित्र काढताना ती खोटं खोटं उभी होती."

"असेल."

"कॅमेऱ्याकडं बघत होती ती. समोर एक माणूस दांडा फिरवत होता, बस. तिला काय ठाऊक, भागू कोण ते?"

आबांनी पायाशी आलेला एक शिंपला उचलून बाजूला ठेवला.

"आणि ते शेवटचं रीळ. त्यात तो येतो. ते आपण लपवलं."

"कुणी मागितलं?"

"नाही."

"मग लपवलं कसं? डब्यात आहे."

एक होडी किनाऱ्याजवळून गेली. तिच्यावरच्या माणसानं हात वर केला. आबांनीही केला.

पुरुषोत्तमनं वही काढली. ती चार वाक्यं त्यानं पुन्हा वाचली. सकाळी ती त्याला किती आवडली होती. आता वाचताना कुणा दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरल्यासारखं वाटत होतं. त्यानं पान फाडलं नाही. नुसती वही मिटली.

"तुम्हाला आधीच ठाऊक होतं? ती उठेल, असं बोलेल?"

"नाही."

"मग हात का ठेवलात?"

आबांनी वाळूची मूठ भरली आणि बोटांच्या फटींतून सोडत राहिले. मूठ रिकामी झाली. पुन्हा भरली नाही.

"मीही सांगायलाच उठलो होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बसला होता, जवळ सरकून ऐकावं लागत होतं. "येसूचं ते रडणं मला पाठ आहे. दीडशे वेळा रडवलंय मी तिला. आज म्हटलं, तुमच्याच्यानं व्हायचं नाही, आपणच करावं. आलो, हात घातला, वर बघितलं..."

ते थांबले.

समुद्राची एक लाट आली, गेली. दुसरी आली.

"...मग बोलवेना," आबा म्हणाले.

पुरुषोत्तम त्यांच्याकडं बघत राहिला. हा माणूस चाळीस वर्षं बोलत आला होता, आणि या वेळी त्याच्या तोंडावर एखाद्या नवख्यासारखा भाव होता. थोडी भीती होती त्यात. थोडा आनंदही असावा.

अंधारू लागलं. दाऊदनं गाडीला बैल जोडले आणि हाक मारली. दोघं उठले, अंगावरची वाळू झाडली. पुरुषोत्तमनं कर्णा उचलला आणि आबांच्या हातात द्यायला पुढं केला. आबांनी तो घेतला नाही.

"माझा आवाज आता उठायचा नाही या हंगामात. यापुढं तू."

तू. इतके दिवस ते त्याला तुम्ही म्हणत होते.

पुरुषोत्तमनं कर्णा छातीशी धरला. डब्यांत पाच रिळं होती आणि त्यांतलं एकही चित्र बदलणार नव्हतं. तेच पाणी, त्याच होड्या, तोच चेहरा. आणि पाटीही तीच.

"आबा," तो अखेर म्हणाला, "उद्याच्या गावात तिथं आल्यावर मी काय बोलू?"

आबा गाडीत चढून बसले. कांबळं पायांवर ओढून घेतलं.

"मला काय ठाऊक," ते म्हणाले. "तिथं येसूनं अजून तोंड कुठं उघडलंय."